पेंटरची लेक वाचायला शिकते

पेंटरच्या मनात भीती शिरली ती एका पायमोज्यामुळे.

सकाळची घाई चालली होती. पाच वर्षांची लेक जमिनीवर बसून मोजा शोधत होती, आणि मोजा तिच्या गुडघ्याला जवळजवळ टेकूनच पडला होता. ती समोर बघत होती, वळून मागे बघत होती, पलंगाखाली हात घालत होती. पेंटरला आधी हसू आलं. मग तिने मान खाली घातली, मोजा नेमका डोळ्यांसमोर आला, तेव्हा कुठे तिने तो उचलला. पेंटरचं हसू जागीच विरलं. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. चहाचा कप विसळला आणि कामाला निघून गेला.

माणूस तसा भित्रा नव्हता. पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. इमारतीच्या कडेला फळीवर बसून, पाय खाली सोडून, शीळ घालत अक्षरं काढायचा. छापील फलकांनी त्याचं निम्मं काम खाल्लं होतं, पण ज्यांना हाताचंच अक्षर हवं असायचं ते दुकानदार अजून त्याला शोधत यायचे. दोरी न लावता तो शिरोरेघ ओढायचा आणि ती केसभरही हलायची नाही. त्याला सगळे पेंटरच म्हणायचे. बायकोसुद्धा रागावली की म्हणायची, "अहो पेंटर, जरा ऐकता का?"

मुलीला सगळे शेपटी म्हणायचे, कारण ती बापाच्या सदऱ्याचं टोक धरून दिवसभर त्याच्या मागे असायची. शाळेत नाव घालायच्या आधीच ती त्याच्या पाट्यांवरून अक्षरं ओळखायला शिकली होती. पण तिची एक गंमत होती. पाटी वाचायला ती जवळ जायची नाही. उलट मागे मागे सरकायची, रस्ता ओलांडून पलीकडे जायची, आणि मग तिथून मोठ्याने वाचायची. पेंटर चहाच्या टपरीवर कौतुकाने सांगायचा, "कलाकाराची नजर आहे पोरीची. आम्हीही पाटी लांबूनच पारखतो."

मोज्यानंतर हे सगळं कौतुक उलटं होऊन त्याच्या अंगावर आलं. उन्हातून जिन्यात शिरलं की तिची सदऱ्यावरची पकड घट्ट व्हायची, ते त्याला आता जाणवायला लागलं. शेजारी ठेवलेला पेला तिच्या हाताने सांडायचा, त्याला तो वेंधळेपणा म्हणत आला होता. आता तो चोरून तिची परीक्षा घ्यायला लागला. तिच्या उजव्या बाजूला रबरी चेंडू ठेवायचा आणि बघत राहायचा. तिला दिसला नाही की तोच पटकन चेंडू तिच्यासमोर सरकवायचा आणि म्हणायचा, "हा बघ, सापडला की." कोणाला फसवत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

बायको पावाच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची. ती घरी यायच्या आत पेंटर वाटेतलं स्टूल भिंतीला लावायचा, चपला उचलून ठेवायचा, म्हणजे शेपटी कशाला अडखळणार नाही आणि बायकोच्या काही लक्षात येणार नाही. एक दिवस बायकोच म्हणाली, "अहो, तिचे डोळे दाखवून आणू या."

"काय झालंय तिच्या डोळ्यांना? अख्ख्या पाट्या वाचते."

"पाट्या वाचते, पण समोरचं ताट चाचपडते. आणि ते स्टूल तुम्ही भिंतीला लावता ना, तुम्ही नसता तेव्हा ते मीच लावते."

दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होती, हे ऐकून पेंटरची भीती कमी व्हायला हवी होती. ती दुप्पट झाली. आता ती नुसती त्याच्या मनातली राहिली नव्हती, घरात येऊन बसली होती. तरीही त्याने विषय टाळला. पुढच्या आठवड्यात जाऊ, हातातलं काम संपू दे, असं म्हणत राहिला. डॉक्टरकडे गेलं नाही तर तिला काही झालेलंच नाही, असा काहीसा हिशेब त्याने मनाशी मांडला होता.

हातातलं काम एका कापडाच्या दुकानाचं होतं. पाटी भलीमोठी, म्हणून दुकानाच्या गच्चीवर जिन्याच्या खोलीला टेकवून ठेवली होती. तिथेच रंगवायची आणि मग दोराने खाली सोडायची, असं ठरलं होतं. गच्चीची डागडुजी चालू होती, एका बाजूचा कठडा पाडलेला होता. बायकोची दुपारची पाळी होती, त्यामुळे शेपटी त्याच्याबरोबर आली होती. जिन्याच्या दारात रंगाच्या रिकाम्या डब्यावर तिला बसवून पेंटर शिडीवर चढला. "इथून हलायचं नाही," असं त्याने तिला बजावलं होतं.

ऊन उतरायला लागलं. 'कापड' हा शब्द पुरा झाला, ड चं पोट छान गोल आलं, आणि पेंटर स्वतःवरच खूश होऊन, मागे न बघता म्हणाला, "शेपटे, वाच बघू काय लिहिलंय."

असं म्हणायला नको होतं, हे त्याला पुढच्या क्षणी कळलं. मागून तिच्या चपलांचा आवाज आला, पण तो जवळ येत नव्हता. लांब जात होता.

त्याने मान वळवली. शेपटी पाटीकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकत होती. तिच्या मागे गच्ची होती, आणि गच्ची संपते तिथे कठडा नव्हता. खाली रस्त्यावर हातगाड्या होत्या, माणसं होती.

ओरडावं तर ती दचकेल, आणि दचकून कुठल्या बाजूला पाय टाकेल कोण जाणे. शिडीवरून उडी मारावी तर आवाजाने ती आणखी मागे होईल. शेवटी पेंटरने आवाज काढला, आणि तो आवाज साधा निघाला, कसा निघाला ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

"शेपटे, थांब. पुरे तिथेच."

"थांबते, पण अजून सगळं दिसत नाही, बाबा. नुसता प दिसतोय."

"राहू दे. आज जवळून वाचायचं. सरळ माझ्याकडे चालत ये. पहिल्या अक्षराला हात लाव."

"रंग ओला असेल."

"असू दे. लाव हात."

ती तिथेच उभी राहिली. बाबा ओल्या रंगाला कधी कोणाला बोट लावू देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती विचार करत असावी. तिची टाच आणि गच्चीची कड यांच्यात एक पाऊल तरी होतं की नव्हतं, ते पेंटरला इथून दिसत नव्हतं. त्याने डोळे मिटले नाहीत. मग ती पुढे निघाली. एक पाऊल, अजून एक. ती शिडीपाशी पोचली, हात उंच करून तिने क ला लावला, तसा पेंटर घसरत खाली आला आणि तिचा दंड इतका घट्ट धरला की ती रडायला लागली. तिच्या तळव्यावर क चा निळा रंग लागला होता. पेंटर तिला घेऊन गच्चीवर तसाच बसून राहिला. दुकानदार वर आला, पुसलेला क बघून काहीतरी बोलायला निघाला, आणि पेंटरचा चेहरा पाहून परत खाली गेला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती उभ्या उभ्या ऐकत होती, मग खाली बसली. दुसऱ्या दिवशी दोघंही कामावर गेली नाहीत.

डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत शेपटीला बरेच दिवे दाखवले. मग तिला बाहेर खेळायला पाठवून ते म्हणाले, "डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे. नजर कडेकडून मिटत येते. आत्ता तिला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. म्हणून मोठी गोष्ट बघायला ती मागे जाते."

"चष्म्याने जाईल?" पेंटरने विचारलं.

"नाही. औषधही नाही."

"पूर्ण जाईल का नजर?"

"सांगता येत नाही. काहींची थोडी नजर बरीच वर्षं टिकते. पण तुम्ही वाट बघत बसू नका." त्यांनी एका केंद्राचा पत्ता दिला. अशा मुलांना वाचायला, लिहायला, वावरायला शिकवतात, साहित्यही देतात, असं सांगितलं.

पेंटर केंद्रात गेला नाही. त्याला वाटलं, अक्षरांचा माणूस मी आहे, माझ्या लेकीला मीच शिकवेन. त्याने प्लायवूडच्या फळ्या कापल्या आणि त्यांवर सुतळी चिकटवून अक्षरं केली. काना, मात्रा, वेलांट्या, सगळं वळणदार, शिरोरेघेसकट. बोट फिरवलं की अक्षर कळायचं. शेपटी डोळे मिटून क ओळखायची, आणि पेंटरला वाटायचं, आपण त्या काळोखाच्या दारात फळी ठोकली. मग संध्याकाळ व्हायची, ती दारात थबकायची, आणि तो घाईने उठून दिवा लावायचा.

शेवटी बायकोनेच दोघांना केंद्रात ओढून नेलं. एका जुन्या दवाखान्याच्या मागे दोन खोल्या होत्या. भिंतीला खुंट्यांवर कापडी पिशव्या टांगलेल्या होत्या. एकेका पिशवीत एकेका गोष्टीतल्या वस्तू होत्या: किल्ली, लोकरीचा गुंडा, चमचा, पंख. गोष्ट ऐकता ऐकता मुलं ती वस्तू पिशवीतून शोधून हातात घ्यायची. कपाटात जाड पानांची पुस्तकं होती, कुठल्या पानावर बटण शिवलेलं, कुठे खरखरीत कागद. टेबलावर सहा खळगे ठेवून कापलेला अंड्यांचा ट्रे आणि एक वाटीभर चेंडू होते.

शिकवणाऱ्या बाई उठून टेबलाच्या कडेला हात लावत पुढे आल्या. त्या स्वतःच आंधळ्या होत्या. तिशीच्या आसपासच्या, नीट विंचरलेल्या केसांच्या, हसऱ्या. पण पेंटरला त्यांचं हसू दिसलंच नाही. त्याला मोठी झालेली शेपटी दिसली, आणि त्याने तिचा हात धरून तिला मागे ओढलं.

त्याने बरोबर आणलेल्या सुतळीच्या फळ्या बाईंनी हातात घेतल्या. बराच वेळ बोटं फिरवली. "सुंदर अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "क कसा असतो ते मला आज इतकं नीट कळलं. पण पेंटरदादा, अशा अक्षरांवरून एक ओळ वाचेपर्यंत ती निम्मी गोष्ट विसरून जाईल. बोटाला ठिपके पटकन कळतात. आपण तिला ब्रेल शिकवू, सहा ठिपक्यांची लिपी."

"तिला दिसतंय अजून," पेंटर म्हणाला. आवाज चढला होता.

"हो. म्हणून ती डोळ्यांनीही शिकेल आणि बोटांनीही. दोन्ही."

"ते ठिपके शिकली की ती आंधळीच झाली म्हणायची."

हे ऐकून बायकोने मान खाली घातली. बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी ट्रे शेपटीपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "डावीकडच्या वरच्या खळग्यात एक चेंडू टाक. हा झाला अ. त्याच्या खाली अजून एक टाक. आता झाला ब." शेपटीने चेंडू टाकले, बोटांनी चाचपले, आणि विचारलं, "मग पुढचा?"

पेंटर उठून बाहेर गेला.

त्यानंतर बायको पाळ्या बदलून घेऊन मुलीला केंद्रात न्यायला लागली. पेंटर बरोबर यायचा, पण बाहेरच्या बाकावर बसायचा. आतून शेपटीचं हसणं ऐकू आलं तरी त्याला बरं वाटायचं नाही. तिला अजून कळलेलं नाही म्हणून हसतेय, असं त्याला वाटायचं.

एका दुपारी घरी जाताना आपल्याच इमारतीच्या जिन्यात त्याने डोळे मिटले. बघू तरी कसं असतं ते, असं मनाशी म्हणाला. कठड्याला हात लावून चढायला लागला. रोजचा जिना, पण वळणावर त्याला वाटलं की पुढे पायरीच नाही. डोळे उघडायची परवानगी त्याने स्वतःला दिली नव्हती, म्हणून तो तिथेच बसला. वरच्या मजल्यावरच्या आजी पिशवी घेऊन उतरत होत्या. म्हणाल्या, "काय रे पेंटर, घेरी आली? की वाटेतच झोप लागली?"

"काही नाही आजी, जिना मोजत होतो."

"बसून? असा मोजलास तर वर्ष लागेल." त्या हसत खाली गेल्या. पेंटरने डोळे उघडले. त्याचे गाल ओले होते.

पुढच्या वेळी तो बाकावर बसला नाही. आत गेला, मुलं बाहेर पडेपर्यंत थांबला आणि बाईंना म्हणाला, "एक विचारू? तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," बाई म्हणाल्या. "रस्ता ओलांडताना रोज वाटते. नव्या ठिकाणी जिना उतरताना वाटते. पुस्तक उघडलं की नाही वाटत. तेवढा वेळ मी कोणाचा हात धरून नसते."

पेंटरची भीती काही यामुळे गेली नाही. पण त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "मलाही शिकवा. तिच्यापेक्षा मी मागे राहायला नको."

बाईंनी त्याच्यापुढे पाटी ठेवली. चौकोनांच्या रांगा असलेली धातूची पट्टी, तिच्यात अडकवलेला जाड कागद आणि टोचायला लाकडी मुठीचा दाभण. टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं, प्रत्येक अक्षर उलटं टोचायचं, मग कागद फिरवला की दुसऱ्या बाजूला ठिपके सुलटे उठतात. पालक इथेच गोंधळतात, असं बाई म्हणाल्या. पेंटर मात्र गोंधळला नाही. दुकानांच्या काचेवर आतल्या बाजूने उलटी अक्षरं रंगवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्याने कागद फिरवून बाईंच्या हातात दिला. त्यांनी वाचलं, "आई." मग म्हणाल्या, "ई मधला एक ठिपका अर्धवट आहे. जरा जोर लावा."

अडलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. या लिपीला शिरोरेघ नव्हती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येत होती. काना-मात्रांचं वळण नाही, जाडी-बारकी नाही, सगळे ठिपके एकसारखे. पेंटर एकदा वैतागून म्हणाला, "अहो बाई, यात माझं अक्षर कुठलं आणि तुमचं कुठलं?"

"कोणाचंच नाही," बाई म्हणाल्या. "वाचणाऱ्याचं."

तो सवडीने केंद्रात बसायला लागला. साध्या गोष्टीच्या पुस्तकांवर पारदर्शक पट्ट्या चिकटवायच्या, त्यांवर तीच ओळ ब्रेलमध्ये टोचलेली असायची. म्हणजे डोळस आईबाप आणि न दिसणारं मूल एकच पान एकत्र वाचू शकतं. केंद्रात अशी पुस्तकं कमी होती, मागणारी मुलं पुष्कळ होती. पेंटरच्या हाताला हे काम बसलं. पट्टी वाकडी गेलेली त्याला खपायची नाही. शेपटी शेजारी बसून नवी पट्टी आधी तपासायची. एकदा तिने बोट थांबवलं.

"बाबा, इथे 'मासा' हवं ना? तुम्ही 'मसा' लिहिलंय."

"काना राहिला वाटतं."

"राहिलाच," ती म्हणाली आणि पट्टी सोलून त्याच्या हातात दिली.

शेपटी घराजवळच्या शाळेत जायला लागली. शाळेच्या मुख्य बाईही आधी घाबरल्या होत्या, पडली-झडली तर काय, असं म्हणत होत्या. केंद्रातल्या बाई स्वतः जाऊन वर्गात बसल्या, तिची जागा खिडकीजवळ घेतली, जाड पानांची पुस्तकं आणि टोचायची पाटी ठेवायला एक खण मागून घेतला. फळ्यावरची अक्षरं मोठी काढायची, हे वर्गशिक्षिकेला सांगितलं. पहिले बरेच दिवस पेंटर शाळेच्या फाटकासमोर उभा असायचा. आत कुठे काही पडल्याचा आवाज झाला की तो फाटकाच्या गजांतून आत डोकावायचा. बहुतेक वेळा ते एखादं बाक सरकवल्याचं असायचं.

पुढच्या तपासणीला तिघंही गेली. डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं, जुने कागद काढले आणि हळू आवाजात सांगितलं की नजर आणखी आकसली आहे. पेंटरने मान डोलावली. हे येणार, असं त्याने स्वतःला बजावून ठेवलं होतं. तरी बाहेर पडताना त्याला पायऱ्या नीट दिसेनात, आणि बायकोने त्याचा हात धरला.

परतीच्या बसमध्ये तिघं एका बाकावर बसली. बायको खिडकीबाहेर बघत होती आणि सारखी पदराने नाक पुसत होती. पुढच्या वर्षी काय, त्याच्या पुढच्या वर्षी काय, एवढंच पेंटरच्या डोक्यात फिरत होतं. शेपटीने मांडीवर पुस्तक उघडलं. बसमध्ये उजेड कमी होता. तिची बोटं ओळीवरून निघाली, मध्ये अडली, मागे गेली, पुन्हा निघाली. ती अर्धवट मोठ्याने वाचत होती. एका बदकाची गोष्ट होती, ते तळं सोडून चालत निघालं होतं.

"आपला थांबा आला," बायको म्हणाली आणि उठली.

"पान संपल्यावर उतरू," शेपटी म्हणाली. तिचं बोट ओळीवरून उठलं नाही.

बायकोने पेंटरकडे बघितलं. पेंटरने तिला खुणेनेच बसायला सांगितलं. दार लागलं, बस पुढे निघाली. तो लेकीच्या बोटांकडे बघत, बदकाचं पुढे काय झालं ते ऐकत बसला.